चोर बाजारातलं छोटं गिऱ्हाईक

दोस्तांनो, तुमच्या आईबाबांच्या लहानपणची खेळणी तुम्ही कधी पाहिली आहेत का? चावी दिली की टुणटुण उड्या मारणारा पत्र्याचा बेडूक, पाण्याच्या परातीत फटफट आवाज करत गोल फिरणारी बोट, डोळ्यांना लावून बघायचा व्ह्यूमास्टर! आणि त्यांची कॉमिक्स? वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर? घरात विचारलंत तर आजी म्हणेल, "अरे, ते सगळं कधीच रद्दीत गेलं!" पण रद्दीत आणि भंगारात गेलेल्या सगळ्याच वस्तू संपत नाहीत बरं का. त्यातल्या काही फिरत फिरत एका बाजारात येऊन पोचतात. तो बाजार म्हणजे मुंबईचा चोर बाजार.

नाव ऐकून दचकलात ना? दचकू नका. चला, आज तिथंच एक फेरफटका मारू. आणि हो, आज नुसत्या वस्तू बघायच्या नाहीत. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्याकडेही नीट बघायचं आहे. त्यातही छोट्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे तुमच्याकडे!

गल्लीत शिरताना

पश्चिम रेल्वेनं आलात तर ग्रँट रोडला उतरा, मध्य रेल्वेनं आलात तर सँडहर्स्ट रोडला. दोन्हीकडून चालत जाता येतं. महंमद अली रोडच्या आसपासच्या दाट वस्तीत ही मटन स्ट्रीट नावाची गल्ली आहे. शेजारच्या भेंडीबाजारात जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. या गल्लीत मात्र अजून छोटी छोटी, एकाला एक खेटून असलेली दुकानं आहेत. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात. त्या दिवशी भल्या सकाळी रस्त्यावरच पथाऱ्या पसरून जुम्मा बाजार भरतो. आपल्याला दुकानं बघायची आहेत, तेव्हा शुक्रवार टाळलेला बरा.

या बाजाराला चोर बाजार का म्हणतात? असं सांगतात, की इथं इतका गलबला असायचा, की लोक याला 'शोर बाजार' म्हणत. इंग्रजांच्या तोंडी 'शोर'चा झाला 'चोर'! दुसरीही एक गोष्ट सांगतात. व्हिक्टोरिया राणी मुंबईला आली, तेव्हा बोटीतून सामान उतरवताना तिचं व्हायोलिन हरवलं आणि ते या बाजारात सापडलं. आहे की नाही मजेदार गोष्ट? पण गंमत अशी, की व्हिक्टोरिया राणी भारतात कधी आलीच नव्हती! जुन्या वस्तूंच्या बाजारात वस्तूंबरोबर गोष्टीही विकायला ठेवलेल्या असतात. वस्तू पारखून घ्यायची, तशी गोष्टही पारखून घ्यायची.

आत शिरलं, की कुठं बघू नि कुठं नको असं होतं. कर्णा असलेले ग्रामोफोन, बंद पडलेली लंबकाची घड्याळं, पितळी दिवे, काचेची हंड्या-झुंबरं, जुन्या सिनेमांची पोस्टर्स, कॅमेरे, दाराच्या कड्या, जहाजावरचे कंदील! आणि या सगळ्या पसाऱ्यात, एखाद्या काचेच्या कपाटात, तुमची आमची खेळणी.

चावी, वाफ आणि दोन डोळे

ही जुनी खेळणी चालतात कशी, ठाऊक आहे? त्यांना सेल लागत नाही. पत्र्याच्या बेडकाच्या पोटात पोलादाची एक लांब पट्टी गुंडाळलेली असते. चावी फिरवली की ती घट्ट आवळली जाते. सोडली की सुटायला बघते, पण दातेरी चाकं तिला एकदम सुटू देत नाहीत. हळूहळू सुटता सुटता ती बेडकाला उड्या मारायला लावते. ही पट्टी गंजली किंवा तुटली, की बेडूक कायमचा गप्प.

फटफट करणाऱ्या बोटीत एक छोटी पत्र्याची डबी असते आणि तिला जोडलेल्या नळ्या मागच्या बाजूला पाण्यात उघडतात. डबीखाली वात पेटवली, की आतल्या पाण्याची वाफ होते. वाफ नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे जाते. वाफ थंड झाली की पाणी पुन्हा आत शिरतं. हे सारखं होत राहतं आणि डबीचा पातळ पत्रा आतबाहेर होऊन फटफट वाजतो. जत्रेत दहा मिनिटं उभं राहून बघावं असं हे खेळणं! त्यात विज्ञानाचा एक अख्खा धडा दडलेला आहे.

आणि व्ह्यूमास्टर? तो अमेरिकेत १९३९ मध्ये निघाला. त्याच्या एका गोल चकतीवर चौदा चित्रं असतात, पण आपल्याला दिसतात सातच. बाकीची सात जातात कुठं? कुठंच नाही! प्रत्येक देखाव्याची दोन चित्रं असतात, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. दोन्हींत किंचित फरक असतो. आपला मेंदू दोन्ही जुळवतो आणि डोंगर खरोखरच पुढेमागे उभे असल्यासारखे दिसतात.

आता कॉमिक्स. 'वेताळ'च्या गोष्टी ली फॉक या अमेरिकन लेखकानं १९३६ मध्ये सुरू केल्या. आपल्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स' मार्च १९६४ पासून निघू लागली आणि पुढे ती मराठीतही येत. १९७६ मध्ये त्यात आबिद सुरतींचा 'बहादूर' आला, आपल्या मातीतला नायक. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. म्हणजे त्यातलं अगदी शेवटचं पुस्तकसुद्धा आज तीस वर्षांहून जुनं आहे. मग ते मिळणार कुठं? अशाच गल्लीत.

जुनी कॉमिक्स पिवळी का पडतात, माहीत आहे? स्वस्त कागद लाकडाचा लगदा करून बनवतात. त्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहतं. हवा आणि उजेड लागला, की ते पिवळं होतं. कागदात आम्ल तयार होतं, त्यानं धागे तुटतात आणि कागद पापडासारखा कडकडीत होतो. शिवाय मधल्या पिना गंजतात. गंजलेल्या पिनेतून सगळ्यात आधी निसटतो तो अगदी मधला कागद. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

"लेना है तो लो"

माझी भाची सातवीत आहे. तिच्याकडे मराठी इंद्रजालची चार पुस्तकं आहेत, तिच्या बाबांच्या लहानपणची. पाचवं आपल्या पैशानं घ्यायचं, असा तिचा पण होता. भाऊबीजेची ओवाळणी साठवून तिनं साडेतीनशे रुपये जमवले आणि गेल्या पंधरवड्यात आम्ही दोघी चोर बाजारात गेलो. आता सांगते ते एका दुकानात घडलं. दुकानाचं नाव नाही सांगत. आपल्याला नावाशी नाही, वागण्याशी काम आहे.

काचेच्या कपाटात वेताळाचं एक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं होतं. भाचीचे डोळे चमकले. तिनं विचारलं, "चाचा, वो दिखाएंगे?" दुकानदार मोबाइलमध्ये बघत होते. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी मान वर केली, पण बोलले माझ्याशी. "बच्चों को नहीं दिखाते. फाड़ देते हैं."

तेवढ्यात एक सुटाबुटातले गृहस्थ आले. त्यांच्यासाठी स्टूल आलं, चहा आला, वरच्या फळीवरचे चार खोके खाली आले. त्यांनी सगळं उघडून पाहिलं आणि काही न घेता ते निघून गेले. भाची तशीच उभी. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, मुठीत पैसे धरून.

शेवटी तिनं किंमत विचारली. "तीन सौ. लेना है तो लो." पिशवी उघडून पानं बघू का, म्हटलं तर उत्तर आलं, "खोला तो लेना पड़ेगा." मी बिल मागितलं. "यहाँ बिल-विल नहीं मिलता."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. पैसे तिचे होते, निर्णयही तिचाच. तिनं तीनशे रुपये माझ्या हातात दिले आणि मी दुकानदारांना मोबाइलवरून पैसे भरले.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी तिनं पिशवी हलक्या हातानं उघडली. दहा-बारा पानं वाचून झाली आणि ती थबकली. एका पानावर वेताळ घोड्यावरून दौडतोय, पुढच्या पानावर तो अंधारकोठडीत! मध्ये काय झालं? पिना गंजलेल्या होत्या आणि मधला कागद गायब होता. म्हणजे चार पानं, आणि गोष्टीतला ऐन रंगाचा भाग.

आम्ही परत गेलो. दुकानदार म्हणाले, "पुराना माल है, ऐसा ही होता है. बिका हुआ माल वापस नहीं."

मग भाची जे बोलली, ते मी तिच्या शब्दांत सांगते. ती म्हणाली, "चाचा, पुराना है ये मुझे मालूम है. लेकिन आधा है, ये आपने बताया नहीं."

क्षणभर दुकानात शांतता झाली. दुकानदारांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. पण बोलले काहीच नाहीत. फडकं घेऊन कपाटाची काच पुसायला लागले. पैसे काही मिळाले नाहीत.

दोस्तांनो, तिच्या त्या एका वाक्यात बघा किती आहे! वस्तू जुनी असणं हा दोष नाही, जुनी म्हणूनच तर आपण ती घेतो. वस्तू अपुरी असणं हाही गुन्हा नाही, किंमत कमी करून ती विकता येते. पण अपुरी आहे हे न सांगणं आणि बघूही न देणं, ही मात्र फसवणूक.

चार दुकानं सोडून

त्याच गल्लीत पुढे एक अगदी छोटं दुकान आहे. तिथले म्हातारे चाचा डोळ्याला भिंग लावून एक खेळणं दुरुस्त करत बसले होते. भाची दारातच थांबली. त्यांनी विचारलं, "क्या देखना है, बेटा? हाथ साफ है ना?" तिनं हात दाखवले. त्यांनी पत्र्याचा एक बेडूक तिच्या तळहातावर ठेवला आणि चावी किती फिरवायची ते दाखवलं. "जोर नहीं लगाना. रुक गई तो रुक जाना."

दुसरा एक बेडूक दिसायला जास्त सुंदर होता. तो त्यांनी स्वतःच बाजूला केला. "ये सिर्फ दिखाने का है, चलता नहीं. इसलिए सस्ता."

भाचीकडे पन्नास रुपये उरले होते. बेडूक काही तेवढ्यात येत नव्हता. चाचांनी एका डब्यातून व्ह्यूमास्टरची एक चकती काढली. चाळीस रुपये. पण देण्याआधी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "देख, इसमें एक फोटो फीका है. चलेगा?" चाललं! आनंदानं चाललं. फिकं चित्र असलेली चकती घेऊन भाची त्या दुकानातून हसत बाहेर पडली. बघा, गल्ली तीच, माल तसाच जुना, गिऱ्हाईकही तेच. फरक फक्त सांगण्याचा होता.

पहिल्या दुकानदारांची बाजूही आपण समजून घेऊ. दिवसभरात कितीतरी लोक येतात, वस्तू हाताळतात, फोटो काढतात आणि निघून जातात. कडकडीत कागद एका झटक्यात तुटतो. म्हणून वस्तू जपून दाखवायची, हे अगदी बरोबर. पण मग दुकानदारानं स्वतःच्या हातानं पानं उलटून दाखवावीत. मूल आहे म्हणून उत्तरच द्यायचं नाही, याला जपणं कसं म्हणायचं?

कायद्यातलं छोटं गिऱ्हाईक

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही लहान. आमचं कोण ऐकणार?" कायदा ऐकतो! आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ मध्ये झाला. त्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. नंतर २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला.

या नव्या कायद्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दोन, सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. परत करण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल, तर ती तीस दिवसांची धरतात. आणि तीन, हे नीट ऐका, ग्राहक अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीनं आई, वडील किंवा पालक तक्रार करू शकतात. म्हणजे तुम्हीसुद्धा ग्राहक असू शकता, हे कायद्यानंच धरून चाललं आहे. जिल्हा आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. आधी नुसती विचारपूस करायची असेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

भाचीनं काय केलं? तिनं आधी दुकानदारांना पत्र लिहिलं, शाळेत शिकलेल्या हिंदीत. खरेदीची तारीख, रक्कम, कुठली पानं नाहीत ते लिहिलं आणि पुस्तक परत घेऊन पैसे द्यावेत किंवा पूर्ण प्रत द्यावी, अशी विनंती केली. बिल नाही, पण मोबाइलवरून पैसे भरल्याची नोंद आहे, तिची प्रत जोडली. एकही वाकडा शब्द लिहिला नाही. पत्र पोस्टानं गेलं. अजून उत्तर आलेलं नाही. तीस दिवस अजून सरलेलेही नाहीत. ते सरायच्या आत तिचे बाबा हेल्पलाइनला फोन करणार आहेत. तोवर गळलेल्या चार पानांत काय घडलं असेल, याची चित्रं ती आपल्या वहीत काढते आहे. पुस्तकाला मात्र तिनं जरासुद्धा धक्का लावलेला नाही, कारण ते परत करायचं आहे!

जाण्याआधी एवढं करा

कॉमिक घेताना पानं मोजा. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून पिना मारलेल्या पुस्तकाच्या पानांच्या संख्येला चारानं पूर्ण भाग गेला पाहिजे. बाकी उरली, तर कुठलं तरी पान फाटून गेलंय. भाग गेला तरी मधली पानं आणि पिना बघाच, कारण मधला अख्खा कागद गळला तर मोजणीत कळत नाही. तेव्हा तिथली गोष्ट सलग लागते का, ते वाचून बघा. चावीचं खेळणं दुकानदारालाच चालवून दाखवायला सांगा. बंद पाकीट उघडून दाखवत नसतील, तर "नको, धन्यवाद" म्हणायला लाजू नका. बिल मागा. घासाघीस करा, पण हसत. आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका, हा आपल्या बाजूचा नियम!

विकत काहीच घ्यायचं नसेल, तरी जुन्या जगाची दारं उघडी आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते यांच्याबरोबर जुनी खेळणीही आहेत. कै. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीसाठी हे संग्रहालय उभं केलं. आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. तिथलं एकही पान गळलेलं नाही!

आईबाबांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. दुकानात मुलांचा प्रश्न मुलांनाच विचारू द्या. दुकानदार तुमच्याकडे बघून बोलायला लागला, तर फक्त एवढं म्हणा, "गिऱ्हाईक हे आहेत, त्यांच्याशी बोला." मुलांची मान कशी ताठ होते, ते बघाच.

आणि दोस्तांनो, तुम्ही कधी दुकान काढलंत, खेळण्यांचं, पुस्तकांचं, नाहीतर नुसतं लिमलेटच्या गोळ्यांचं, तर दारात मुठीत पैसे धरून उभं असलेलं पोर आधी बघा. त्याला आधी विचारा, "काय हवंय, बाळ?"